उत्तरेकडची न घासलेली पट्टी

इस्पितळातल्या शेवटच्या भेटीत शालनने मला विचारलं ते आमच्या विहिरीबद्दल. नाकातोंडावरचा मास्क बाजूला सारून, धाप आवरत ती म्हणाली, “दादा, औंदा बांय घासतलात तेव्हा उत्तरेकडची पट्टी सोडशीत ना रे?” मी म्हटलं, “सोडतलंय गो बाये. आता नीज.” तिने मान डोलावली आणि डोळे मिटले. त्यानंतर दोन-चार दिवसांतच ती गेली. शालन माझी धाकटी बहीण. दक्षिण ध्रुवाकडच्या गोठलेल्या तळ्यांत जे शेवाळ वाढतं, त्याच्या अभ्यासात तिचं सगळं आयुष्य गेलं. मी कोरगावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक. मला शेवाळ माहीत ते विहिरीच्या काठावर पाय घसरवणारं. ‘शेवाळावर पगार मिळवणारी आमच्या घराण्यातली ही पहिली आणि बहुतेक शेवटची,’ अशी मी पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायचो. ती ऐकून घ्यायची आणि मग सावकाश म्हणायची, “शेवाळ उन्हात बसान काय तरी करता तरी. तू नुसतोच बसतंस.” पाहुणे हसायचे, आणि मला चहा आणायला उठावं लागायचं.

हे वेड तिला लागलं ते डिचोलीत, आमच्या मामाच्या गावी. तिथे मामाच्या घरामागे एक ओहोळ होता आणि त्याला एक खोलगट कोंड होती. मे महिन्यात आम्ही तिथे डुंबायचो. तळाचे दगड हिरवे, मऊ, आणि पाणी इतकं नितळ की पायाची नखं दिसायची. पुढे वरच्या डोंगरात खाणीचं काम वाढलं. खाणीतलं तांबडं पाणी ओहोळात येऊ लागलं, आणि एका सुट्टीत जाऊन बघतो तर कोंडीचे दगड बोडके झालेले. मला वाईट वाटलं ते डुंबायची जागा गेली म्हणून. शालन मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड चाचपत राहिली. शेवाळ कोणी खरवडून नेलं का, असं तिने मामाला विचारलं. मामा म्हणाला, “कोण व्हरतलो गो? गढूळ पाण्यातसून ऊन खाली पावणा ना, म्हणान मेला ता.” एवढं बोलून मामा पान जुळवत बसला. ती मात्र त्या उत्तरापासून पुढे कधी हललीच नाही, असं आता मला वाटतं.

ती पहिल्यांदा दक्षिण ध्रुवाकडे निघाली तेव्हा आम्ही सगळे मुरगावला पोचवायला गेलो होतो. धक्क्यावर खनिजाची धूळ उडत होती आणि आईने त्या धुळीत उभं राहून तिच्या पिशवीत कुळथाचं पीठ, सोलं आणि सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, कोंबली. शेवटपर्यंत आईची समजूत पटलेली नव्हती. “शेवाळ बघूक इतक्या लांब कित्याक गो जातंस? आपल्या बांयत काय थोडा आसा?” शालन हसली आणि आईच्या पाया पडली. बोट दिसेनाशी झाली तरी आई पदराची टोकं बोटांना गुंडाळत तिथेच उभी होती… परतीच्या बसमध्ये ती सगळ्यांवर फुगून खिडकीकडे तोंड करून बसली. तिकडे बर्फावर कुळथाची पिठी शिजली आणि साऱ्या तंबूने ती बोटं चाटून खाल्ली, हे ऐकल्यावरच तिचा राग गेला.

परत आल्यावर शालनने आम्हाला सोप्यावर बसून सगळं समजावलं होतं, आणि शिक्षक असून मला पहिल्या खेपेला ते कळलं नव्हतं. तिकडच्या तळ्यांवर वर्षभर बर्फाचं झाकण असतं. झाकणाखाली पाणी, आणि पाण्याच्या तळाशी शेवाळाची जाडसर गोधडी. वर्षातले कित्येक महिने काळोख. उन्हाळ्यात झाकणातून झिरपेल तेवढाच उजेड. तेवढ्या उजेडावर ते शेवाळ जगतं आणि दरवर्षी आपला एक पातळ थर अंथरतं. तिचं काम म्हणजे झाकणाला भोक पाडून तळात नळी खुपसायची आणि ते थर उभेच्या उभे वर काढायचे. हिमनदी उन्हाळ्यात वितळते, तिचं पाणी तळ्यात उतरतं, येताना दगडाची पिठासारखी बारीक पूड घेऊन येतं. त्या पाण्यात शेवाळाचं खाद्यही असतं. ज्या वर्षी पाणी बेताचं येतं, त्या वर्षी शेवाळ पोसतं, थर हिरवा आणि भरदार होतो. ज्या वर्षी फार वितळतं, त्या वर्षी पाणी गढूळतं, तळ्याची पातळी चढते, खाली उजेड पोचत नाही, आणि थरावर राखाडी रेघ बसते. “ताच पाणी ताका जेवण घालता आणि ताच पाणी ताचो दिवो विझयता,” ती म्हणाली. मी म्हटलं, “म्हणजे मामाची कोंड.” ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, “दादा, तू मास्तर शोभतंस कधी कधी.” मला तिने दिलेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक.

बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा त्याच तळ्यावर गेली. पहिल्या वेळी काठावर तिने खुणेला दगड रचून ठेवले होते, ते आता पाण्याखाली होते. काठालगतच्या उथळ पाण्यात नवं शेवाळ माजलं होतं, वेगळ्याच जातीचं. आणि खोलवरच्या जुन्या गोधडीचे वरचे थर फिके, विरविरीत. मधल्या राखाडी रेघा एकमेकींच्या जवळ आलेल्या. हे सांगताना तिचा आवाज उतरला होता. मी म्हटलं, मग ठरलं तर, तळं बिघडलं. ती एकदम चिडली. दोन नळ्यांवरून असं काही म्हणता येत नाही, एखाददुसऱ्या उन्हाळ्याचाही खेळ असू शकतो, तिसरी नळी हवी, आणखी काही वर्षांनी, त्याच जागेवरून. पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरात ‘तिसरी नळी’ हा शब्द लग्न ठरण्यासारखा वापरला जायचा. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या नळीबद्दल मात्र बोलायची. जाण्याची तयारी झाली आणि तपासणीत तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी नाही म्हटलं ते कायमचं. ती रात्रभर रडली असणार. सकाळी डोळे सुजलेले होते आणि भाकरी मात्र नेहमीसारखी मोडून खाल्ली.

मग ती कायमची कोरगावला राहायला आली, आणि एक दिवस विहिरीत वाकून उभी असलेली दिसली. आमच्या घरावरच्या टेकडीचा कडा कापून कोणीतरी प्लॉट पाडले होते, तेव्हापासून पावसाळ्यात उत्तरेकडच्या फटीतून तांबडं पाणी विहिरीत उतरायचं. दर वैशाखात पाणी तळाला गेलं की आमचा शेजारी बाबलो आत उतरतो आणि नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालाने, सगळ्या भिंती घासून काढतो. शालनने त्याला उत्तरेकडची हातभर रुंद पट्टी सोडायला सांगितली. “तिसरी नळी हयच मेळतली,” ती मला म्हणाली. मी थट्टा केली, पण दोन-तीन वर्षांनी तिने सुरीच्या टोकाने कपचा काढून दाखवला तेव्हा वाकून रेघा मोजू लागलो. हिरवी रेघ, तांबडी रेघ, हिरवी रेघ, तांबडी रेघ… बिघडलेल्या पावसाळ्याची तांबडी रेघ जाड होती. पट्टीवर पाणी उडू नये म्हणून तिने रहाट दक्षिणेच्या बाजूला बसवून घेतला. माझ्या बायकोला लांबून वळसा घालून पाणी काढावं लागायचं, ती कुरकुरायची, “शेवाळाचो काय तो मान!” आणि तरीही वळसा घालायची.

इस्पितळातून शालनचा देह घेऊन आलो त्या दिवसापासून मी सुतकात होतो. दिवस, पिंड, भटजी यांच्यात बुडालेला. मयत झालं की आमच्याकडे घरातलं साठवणीचं पाणी ओतून टाकतात, आणि बाराव्याला माणसं जेवायची म्हणून विहीर स्वच्छ करतात. हे काम घरच्यांना कोणी सांगत नाही, शेजारी आपणहून करतात. अकराव्या दिवशी विधी आटोपून मी परसात आलो तर बाबलो ओल्या अंगाने विहिरीच्या काठावर बसलेला. डोळे लाल. “मास्तरानू, बांय लख्ख केली,” तो म्हणाला. “बायेच्या बाराव्याक कोणी नाव ठेवूक नको. ती पट्टीसुद्धा घासली. आता ती बघूक कोण आसा?” आणि तो रडू लागला. मी वाकून बघितलं. उत्तरेकडचा चिरा नवा काढल्यासारखा तांबडा दिसत होता… ओरडावं असं वाटलं, पण कोणावर? त्याने ते मायेपोटीच केलं होतं. तीही त्याला रागावली नसती. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन तोंडावर टॉवेल धरला. तिने शेवटचं जे मागितलं तेवढंही तिला मिळालं नाही, हे मला अजून गिळता येत नाही.

सव्वा महिना उलटल्यावर बायकोने हाक मारली. पाण्यालगत, उत्तरेकडच्या चिऱ्यावर, श्वास लागून आरसा धुरकटावा तशी फिकट हिरवी झाक आली होती. सवयीने मी म्हणालो, सोडण आण, आणि लगेच जीभ चावली. बायकोने वळसा घातला, दक्षिणेकडून घागर भरली आणि घरात गेली. बाबलोलाही आता ही पट्टी सोडायला सांगून ठेवलंय. पाऊस येईल, टेकडीवरून तांबडं पाणी उतरेल, या हिरव्यावर बसेल. त्याच्यावर पुढच्या वर्षीचं हिरवं. शालन म्हणायची, मोजायला बरीच वर्षं लागतात, आणि माझ्याकडे आता तेवढी नाहीत. पण जो कोणी पुढे ही पट्टी कापून बघेल, त्याला चिऱ्याला चिकटलेला अगदी तळाचा थर दिसेल. तो शालन गेली त्या वर्षाचा आहे.