लाव्हा बघायला मी एकटी गेले

माझं माहेर सावद्याचं. घरचा केळीचा मळा, आणि माती इतकी खोल की विहीर खणताना आबांना गाळ लागायचा, वाळू लागायची, पिवळी माती लागायची, पण दगड काही लागायचा नाही. त्यामुळे लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते दगडांचं. गावाबाहेर मोकळ्या माळावर काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती उभ्या होत्या. मला वाटलं, कुठल्या तरी राजाची पडकी तटबंदी असेल.

"कुणी बांधल्या नाहीत त्या," नवरा म्हणाला. "जमिनीला भेगा पडल्या, खालचा तापलेला रस त्यातून वर आला आणि भेगेतच थिजला. बाजूचा खडक झिजून गेला, भिंत उरली."

ते धुळ्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. माझ्या मैत्रिणींचे नवरे त्यांना सिनेमाला न्यायचे, हे मला रविवारी स्कूटरवर मागे बसवून भिंती दाखवायला नेत. मी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायची. ते हातोडीने ठोकत बसायचे आणि मी निंबाच्या सावलीत. पहिले काही रविवार मला फार कंटाळा आला. मग हळूहळू मीही दगड उचलून बघायला लागले. लळिंगच्या बाजूला एका उघड्या पडलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा होता. तो दाखवून ते म्हणाले, "इथे लाव्हा बराच काळ थांबला होता. माती झाली, गवत उगवलं. मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली." मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या वेळी माझं सगळं लक्ष डब्याकडे होतं.

एकदा शेळ्या चारणारी एक बाई आमच्याजवळ येऊन थांबली. "काय दखी ऱ्हायनात वं ताई? आठे ते बठ्ठा दगडच शेतस."

"दगडांत काय बघतात ते त्यांनाच विचारा," मी हसून म्हटलं.

झालं. यांनी तिला सगळं सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. तिनेही काठीवर हनुवटी टेकून ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ती आग आते कथी गई?"

हे इतके खूश झाले की परत येताना रस्ताभर, ती आग आता कुठे गेली, याच प्रश्नावर बोलत राहिले. वाऱ्यामुळे मला अर्धं ऐकूच आलं नाही. घरी आल्यावर मी स्वयंपाकाला लागले, तर हे आत आले. डब्यातून उडदाचा पापड काढला, चिमट्यात धरला आणि बारीक आचेवर नेला. आधी तो एकाच जागी धरून ठेवला, तिथे चांगला मोठा काळा डाग पडला. मग पापड थोडा सरकवला, थांबले, पुन्हा सरकवला. डागांची ओळच उमटली.

"हा मोठा डाग म्हणजे आपण," ते म्हणाले. "आग जागची हललेली नाही. जमीनच तिच्यावरून सरकत उत्तरेला आली. आपल्यामागून लक्षद्वीप, मग मालदीव. तिथले डोंगर आता पाण्याखाली गेलेत, वर नुसतं पोवळं उरलंय. मग मॉरिशस. आणि आत्ता, या क्षणी, ती आग रियुनियन नावाच्या बेटाखाली आहे."

दारात सासूबाई उभ्या होत्या. "पापड भाजता येत नसेल तर ठेव तो खाली," त्या म्हणाल्या.

त्या रात्रीपासून यांच्या मनात ते बेट बसलं. पण जाणं झालं नाही. मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं दुखणं, मग घर बांधलं. निवृत्त होईस्तोवर गुडघे गेले. भिंतींवर चढणं सुटलं, तसं त्यांनी बेटाचं नाव काढणंही सोडलं. मीही विषय काढत नसे.

पुढे मुलीला मॉरिशसमध्ये नोकरी लागली. गेल्या वर्षी ती आम्हाला घेऊन गेली आणि तिथून छोट्या विमानाने रियुनियनला. भाड्याची गाडी तीच चालवत होती. तिथे समुद्राच्या कडेने जाणारा एक रस्ता आहे, तो एकामागून एक लाव्ह्याचे ओघ ओलांडत जातो. कुठला ओघ कुठल्या साली आला, त्याच्या पाट्या लावलेल्या. सगळ्यात जुन्यावर दाट झाडी, त्यानंतरच्यावर झुडपं, मग नुसते नेचे, मग राखाडी दगडफूल. हे खिडकीतून अर्धे बाहेर आलेले. "बघ, बघ, आधी दगडफूल येतं! त्याच्यामागून नेचा!" मुलगी ओरडली, "बाबा, डोकं आत घ्या!"

शेवटी ती काळी माळरानं आली आणि आम्ही उतरलो. पायवाट ओबडधोबड, टोकेरी दगडांची. काठी टेकत हे थोडे पुढे गेले, थांबले, खाली बघितलं आणि परत येऊन गाडीत बसले. चेहरा पडला होता.

"तू जा," ते म्हणाले.

"मी काय बघणार तिथे?"

"इतकी वर्षं मी बोलतोय ते काय नुसतं भाकरी थापत ऐकलंस?"

मुलगी त्यांच्याजवळ थांबली. मी एकटी निघाले.

पायाखाली कोळशासारखं करकरत होतं. पुढे गेल्यावर दगड गुळगुळीत झाला, त्याच्यावर पीळ आणि घड्या. पुरणाच्या मांड्यांची सैल कणीक परातीत सोडली की एकावर एक घडी घेते, अगदी तशी. भुरभुर पाऊस आला आणि भेगांमधून वाफ निघायला लागली. मी वाफेवर हात धरला. ऊब होती, ताप उतरत आलेल्या माणसाच्या अंगासारखी. समुद्रावर लांब शेपटीचा एक पांढरा पक्षी घिरट्या घालत होता. माझ्या बोटांशेजारी एका फटीत नेचा उगवला होता, अजून गुंडाळलेला.

मी त्या नेच्याकडे बघत राहिले. पुढच्या खेपेला लाव्हा आला की हा, याच्याखालची चिमूटभर माती, सगळं भाजून लाल होणार. लळिंगच्या त्या पट्ट्यातही असंच काहीतरी गुंडाळलेलं, उलगडायचं राहून गेलेलं असेल. डब्याकडे लक्ष असताना मान हलवली होती ती गोष्ट मला त्या दिवशी कळली. डोळे भरून आले. पदर नव्हता, शालीने पुसले.

परत आले तर परीक्षाच सुरू झाली.

"घड्यांचा फुगवटा कुणीकडे होता?"

"समुद्राकडे."

"शाब्बास. बुडबुड्यांची भोकं?"

"वर जास्त, खाली कमी."

"ऊब होती? हात लावलास?" मी हो म्हटलं, तर त्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला, जणू ऊब अजून राहिली असेल. मुलीने थर्मासमधला चहा ओतला. तो निवत चालला तरी यांचे प्रश्न संपेनात. मध्येच विचारलं, "आणि वास?"

वासाचा मी विचारच केला नव्हता. "भट्टीतून काढलेल्या मडक्यावर पाणी पडावं तसा काहीतरी," मी म्हटलं. "बघा, शालीला असेल."

त्यांनी शालीचं टोक नाकाशी नेलं. "गंधक नाहीये," ते जरा हिरमुसून म्हणाले. मग पुन्हा वास घेतला आणि शाल तशीच धरून ठेवली.

"बाबा, पाऊस वाढतोय. निघूया का?" मुलीने विचारलं.

"थांबू गं थोडं."

खिडक्या उघड्याच होत्या. पाऊस आत येत होता, सीट भिजत होत्या. कुणीच काच वर केली नाही.