पिंपातले मासे

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी विरारच्या फ्लॅटमध्ये कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतत होते. ही सवय त्यानेच लावलेली. माझा हा थोरला भाऊ आरोग्य खात्यात फार वरच्या पदावर पोचला, पण कोणाच्याही घरी गेला की चहाआधी त्याला तिथलं साठवणीचं पाणी बघायचं असे. माझ्या मुलीच्या लग्नात वरपक्ष दारात उभा, आणि मुलीचा मामा मांडवामागे आचाऱ्याच्या पिंपात टॉर्च मारतोय! असा संताप आला होता... आता आठवलं की हसू आवरत नाही.

एका वर्षी पाचूबंदरच्या कोळीवाड्यात डेंग्यू पसरला. नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे दारोदारी पिंपं भरलेली आणि त्यांतच डासांच्या अळ्या. खात्याची माणसं पिंपं ओतायला गेली, तर बायकांनी त्यांना पिटाळून लावलं. पाणी ओतल्यावर प्यायचं काय? भाऊची झोप उडाली. ताप थांबला नाही तर पोरंबाळं दगावतील, ही त्याला धास्ती. शेवटी साहेब स्वतः निघाले, आमच्या वाडीतल्या बावखलातले, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातले, गप्पी मासे बरणीत घेऊन. पिंपात सोडले की हे मासे अळ्या खातात, पाणी ओतावं लागत नाही. मजा बघायला मीही सोबत गेले.

नखाएवढे मासे बघून कोळणींमध्ये एकच हशा पिकला. त्यांतली फिलोमावशी म्हणाली, "सायब, आमाला मासं दाखवता? ह्यो तलला तर दाताला पन लागनार नाय!" तिची नात तापाने दवाखान्यात होती, तरी तोंड गप्प बसेल तर शपथ.

भाऊही खो खो हसला. "मावशी, हे खायचे नाहीत, पाळायचे. माझ्याकडे निम्मे मेले. तुम्ही सांभाळाल?"

मावशीने बरणीकडे बघितलं. "आन हिकडं," म्हणाली. तिच्या पिंपात मासे पडले, मग आळीभर. ताप ओसरला, नात घरी आली आणि भाऊकडे पापलेटं आली. त्याने ती परत पाठवली म्हणून वहिनीने अबोला धरला, तो वेगळाच!

भाऊ गेल्यावर काही दिवसांनी फिलोमावशी भेटायला आली. वहिनीच्या गळ्यात पडून रडली, मग हातपाय धुवायला मागच्या पडवीत गेली... आणि तिथूनच ओरडली, "गो बाय, सायबांचं घर आनि पिंपात एक मासा नाय?"

खरंच की. भाऊच्या आजारपणात कोणाचं लक्षच नव्हतं. रडता रडता आम्ही हसत सुटलो. दुसऱ्या दिवशी ती बरणी घेऊन हजर, आत त्याच माशांची पिलावळ.

वहिनी आता रोज पिंपात डोकावते. तिच्याकडे गेले की मीही डोकावते, चहाआधी.