डॉसचा कौल

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या मालकांनी, म्हणजे एका आंबा बागायतदाराने, ऑफिसात कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला मला ठेवलं. पावसाळ्याचे चार महिने बसून मी गिऱ्हाइकांचे शेकडो पत्ते त्यात घातले. हंगामात पेट्यांवर चिकटवायची लेबलं त्यातूनच निघणार होती. टाइपरायटर बडवणाऱ्या मैत्रिणींसमोर मी भलतीच तोऱ्यात असायचे.

हंगाम तोंडावर आला आणि कॉम्प्युटर बसवून देणारा मशीनवाला मुंबईहून आला. म्हणाला, "कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो तो डॉस जुना झालाय. नवा टाकला तर काम झपाझप होईल. फक्त हार्ड डिस्क आधी पुसावी लागेल. पत्त्यांची कॉपी आहे ना?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "आहे," मी म्हटलं.

नव्हती. कॉपी ठेवलेल्या फ्लॉप्यांना दमटपणाने बुरशी आली, त्या मी गुपचूप फेकल्या आणि नव्यांवर कॉपी काढायचा कंटाळा केला. आता सगळ्यांसमोर कॉपी काढायला बसले तर खोटं उघडं पडणार, आणि पुसापुशी झाली की पत्ते जाणार आणि पाठोपाठ माझी नोकरी. म्हणून मी म्हटलं, "चालतंय ते चालू दे की! ऐन हंगामात कशाला खेळ?"

"उद्या देवाला विचारू," मालक म्हणाले आणि ऑफिसला कुलूप लावून किल्ली घेऊन गेले. त्यांचं हे नेहमीचंच. विहीर कुठे खणायची तेही ते कौल लावून ठरवायचे.

सकाळी देवळात गुरवाने मूर्तीला दोन बाजूंना कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या लेकराच्या मशिनातला डॉस जुना झाला हाय, तो बदलावा काय?"

"व्हय म्हाराजा!" आम्ही मागून म्हटलं. मला हसू आवरेना. पण मनातल्या मनात मी डाव्या कळीच्या विनवण्या करत होते.

उजवी टपकन पडली.

"झालं तर मग," मालक वळले. "बाय, कॉपी आहे ना?"

तेच खोटं देवासमोर पुन्हा बोलायची माझी छाती होईना. "नाही," म्हटलं आणि रडायलाच लागले.

मालक चिडले नाहीत. नारळ फोडून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"जा, आधी कॉपी काढ," ते म्हणाले. "डॉस बदलायचं मी कालच ठरवलं होतं. पण ऑफिसात विचारलं असतं तर तू पुन्हा 'आहे'च म्हणाली असतीस."