खंडीभर गोळ्या

नव्याण्णव साली उन्हाळ्यात मी देवरीच्या स्टँडवर नागपूरच्या बसमध्ये बसले. नवऱ्याला पुण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. खिडकीखाली उभ्या मायनं जपून राहा वगैरे काही म्हटलं नाही. तिकीट कितीचं ते विचारलं आणि म्हणाली, "दोन कुडो धान, अन् गाडी तं अजून हाललीबी नाही."

कुडो हे आमच्याकडचं धान मोजायचं माप, वीस कुडोंची खंडी. मासोळ्या घेऊन ढिवरीण अंगणात यायची, तिला मायनं कधी रुपये दिले नाहीत, कुडोत धान दिलं. स्वस्त-महाग हे शब्द तिच्या तोंडी नव्हतेच. वस्तू धानाजोगी असायची किंवा नसायची.

पुण्यात मी पटकन रुळले. डिपॉझिट, मेंटेनन्स, एमआरपी हे शब्द तोंडात बसले. फोनवर मायला मात्र मी सगळं धानात सांगायची. भाडं खंड्यांत ऐकून तिनं विचारलं होतं, "त्या खोलीत माणसं राहतेत का धान ठेवता?" मला या खेळाची सवय लागली. चूक तिथेच झाली.

काही वर्षांनी मायच्या हृदयाचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली, आयुष्यभर, एक दिवसही चुकवायची नाही. पैसे आम्ही देणार होतो. पहिल्या महिन्याच्या गोळ्या हातात दिल्या तेव्हा तिनं नेहमीसारखं विचारलं, केवढ्याले पडल्या. मी नेहमीसारखं सांगून टाकलं, एक खंडी. ती "बरं" म्हणाली. मी बॅग भरायला लागले.

दोन महिन्यांनी वहिनीचा फोन आला. महिन्याचं पाकीट अजून संपलं नव्हतं. माय दिवसाआड गोळी घेत होती, तीही अर्धी मोडून. मी फोनवर रागावले. ती शांतपणे म्हणाली, "महिन्याले खंडीभर धान एकटीनं खाऊ का मी? घरात पोट्टे हायेत."

मग मी खोटं बोलले. म्हटलं, गोळ्या आता ह्यांच्या कंपनीतून फुकट मिळतात. तर म्हणाली, "फुकटाच्या गोळीनं कोन बरं होते, बाई?" त्यानंतर ती गोळ्या घेते की नाही, मला कळत नव्हतं. "घेते," असं वहिनी म्हणायची. त्याच वर्षी धान कापणीला आलं असताना माय गेली. धान साठवायच्या ढोलीजवळ कुडो पालथा ठेवलेला असायचा. भावानं तो उचलला, तर खाली चार पाकिटं होती, न फोडलेली.

आता भाऊ धान थेट मिलला घालतो, क्विंटलनं. तो कुडो मी पुण्याला आणला. हंगाम सुरू झाला की मी भावाला फोन करून धानाचा भाव विचारते. तो हसतो, "तुले कायले पाहिजे भाव? तू का धान विकून राहिली?" मी विषय बदलते. गाव माझ्याकडे तेवढ्या एका आकड्यापुरतं उरलं आहे, आणि तो आकडा कळल्याशिवाय मला कशाचीच किंमत समजत नाही.

गेल्या वर्षापासून मलाही प्रेशरची गोळी लागली. यंदाच्या भावानं महिन्याचे तीन कुडो होतात. रोज सकाळी घेते, अख्खी.