कपाटातले ठोकळे

श्रीमती हार्ती, आमच्या बोलीत बू हार्ती, वय बावन्न, बालवाडी शिक्षिका. ताब्यात लाकडी ठोकळ्यांचा एक संच, स्थिती उत्तम. उत्तम असणारच. मुलांनी खराब करू नये म्हणून तो काचेच्या कपाटात कुलूपबंद होता. आमच्या जावा बेटावर नव्या वस्तूला असाच मान असतो.

बालवाडी तपासायला आलेले सरकारी तपासनीस म्हणाले, "बू हार्ती, मुलं हाताळतात असं साहित्य दाखवा. नाहीतर बालवाडीची मान्यता जाईल."

बू कपाटाची किल्ली शोधू लागल्या. जमिनीवर पाच वर्षांची वेनिंग चिकूच्या बिया मोजत होती.

"पाक, पाय उचला," ती तपासनीसांना म्हणाली; पाक म्हणजे आमच्याकडे साहेब. "माझी सातवी बी त्याखाली आहे."

तपासनीस खाली बसले आणि तिच्यासोबत वीसपर्यंत मोजूनच उठले. मग त्यांनी शेरा लिहिला : 'साहित्य शिक्षिकेने स्वतः निर्माण केले आहे. मान्यता कायम.'

बूंनी चिकू खाल्ले होते.