सोडलेलं गोड, अडलेला क्लेम

दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कपासून चार पावलांवर उभी राहून मी खंडोबाशी भांडले, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मोठ्याने नाही. ओठ मिटलेले होते, हातात फाइल होती, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं की बाई नंबर यायची वाट बघतेय. पण आतून मी त्याला चांगलंच सुनावत होते. आमचं काय चुकलं, म्हटलं. तुला जे कबूल केलं ते पाळलं, एक दिवस मोडलं नाही, आणि माझा नवरा वर खाटेवर पडलेला असताना तू बघत बसलास. देव ऐकतो की नाही ही शंका मला आजवर कधी शिवली नव्हती. त्या दुपारी ती आली, आणि आली ती चांगली ऐसपैस बसली.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यांचा वाशीच्या मार्केटमध्ये गुळाचा छोटासा व्यापार, राहायला आम्ही घणसोलीजवळ तळवलीत. गुळाच्या ढेपांत दिवस काढणारा हा माणूस गोडाचा असा वेडा होता की जेवणाची सुरुवातही त्याला गोडानेच लागायची. आमची ऋतुजा पाच वर्षांची असताना तिचा ताप डोक्यात गेला, झटके येऊ लागले, डॉक्टर नीट काही सांगेनात. तेव्हा यांनी घरातल्या देव्हाऱ्यापुढे भंडारा कपाळाला लावला आणि पालीच्या खंडोबाला सांगितलं, पोर उठून बसू दे, मी गोड सोडलं. यांनी सोडलं म्हणून मीही सोडलं. साखर, गूळ, मिठाई, सणाची पुरणपोळी, सगळं. फळं तेवढी चालतात, असा आमचा देवाशी समझोता. पोर उठून बसली, शाळेत गेली, आता कॉलेजात जाते आणि आम्हाला बिनसाखरेचा चहा करून देते. गिऱ्हाइकाला ढेप फोडून चव दाखवायची वेळ आली की हे शेजारच्या गाळेवाल्याला हाक मारतात. तोच चाखतो, तोच सांगतो, आणि हे त्याच्या तोंडाकडे बघून भाव ठरवतात. सगळ्या मार्केटमध्ये यावरून यांची थट्टा होते, आणि ती यांना आवडते.

तर एका सकाळी गाळ्यावरच यांच्या छातीत कळ आली. डावा हात जड झाला, घाम फुटला. शेजारच्यांनी वेळ न घालवता टेम्पोत घालून जवळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा हे स्ट्रेचरवर होते. पुढे तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी झाली, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की तीन ठिकाणी रक्त अडतंय, बायपास करावी लागेल आणि फार थांबता येणार नाही. मी घाबरले, नाही असं नाही. पण हातपाय गाळणाऱ्यांतली मी नाही. दोन वर्षांपूर्वी मीच हट्टाने घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमा काढला होता, आणि त्याची फाइल कपाटात साड्यांच्या वर ठेवली होती. पॉलिसी, विम्याचं कार्ड, आधार, विमा काढताना कंपनीनेच केलेल्या रक्ततपासणीचा अहवाल, सगळं त्यात. त्याच दिवशी कंपनीला फोन करून भरतीची खबर दिली, डेस्कवर कॅशलेसचा फॉर्म भरला, डॉक्टरांचा भाग त्यांच्याकडून भरून घेतला. इतकंच नाही, शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना मी समजावूनही सांगितलं की खबर लगेच द्यायची, उद्यावर टाकायचं नाही, आणि नकार आला तरी बिलं, रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद सांभाळून नंतर पैसे मागता येतात. आमचं काम झाल्यातच जमा आहे अशा थाटात मी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून विचारणा आली. रुग्णाला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, पॉलिसी घेताना तो सांगितलेला नाही, तरी मधुमेहाच्या पहिल्या तपासणीचे कागद सादर करावेत. मला हसू आलं. यांना मधुमेह नाही, कधी नव्हता. नसलेल्या आजाराचा पहिला कागद मी कुठून आणणार? कुणा दुसऱ्याच पेशंटचं आमच्या नावावर चढलंय असं म्हणून मी डेस्कवरच्या मुलाला झापलं. त्याने शांतपणे सांगितलं की केसपेपरवर तसंच लिहिलंय, कंपनी तेच वाचते. मी तिथेच उत्तर लिहून दिलं की हे साफ खोटं आहे. दुपारी नकार आला. आजार लपवला म्हणून कॅशलेस नामंजूर. ऑपरेशन सकाळी करायचं तर आज अनामत भरा, असं बिलिंगवाल्यांनी सांगितलं. ती रक्कम आमच्या घरात नव्हती. नंतर पैसे परत मागायचे म्हटलं तरी तोच केसपेपर तिथेही आडवा येणार होता.

मी हे यांना सांगणार नव्हते, पण माझ्या तोंडावरून यांनी ओळखलं. हे ढेपेवर टिचकी मारून आत ओल किती ते सांगतात, बायकोचं तोंड काय चीज. म्हणाले, "अगं, चल घरी. गोळ्यांवर भागवू. गाळा विकून मला जगायचं नाही, पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून." मी म्हटलं, असं काही होणार नाही. "मी सही करून डिस्चार्ज घेतो," एवढं बोलून यांनी कूस बदलली. हा माणूस एकदा ठरवलं की ठरवलं. ज्याने बारा वर्षं गोडाला हात लावला नाही, तो बायपासला नाही म्हणाला तर त्याला हलवणार कोण? मी खाली उतरले ती ही भीती घेऊनच, आणि डेस्कवर अजून एकदा विनवून बघितलं, आणि मग ते भांडण झालं जे मी सुरुवातीला सांगितलं.

तळमजल्यावर एका कोपऱ्यात गणपतीची छोटी मूर्ती आहे. येणारे-जाणारे तिथे हात जोडतात. मी तिथल्या बाकावर बसले होते तेव्हा एक म्हातारी आली. नऊवारी नेसलेली, नाकात मोठी नथ, हातात पेढ्यांचा पुडा. तिने पुडा आधी गणपतीपुढे धरला, मग वाटायला सुरुवात केली, वॉचमनला, मावशांना, रडणाऱ्यांना आणि हसणाऱ्यांना सारखाच. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "घे गो बाय, माजे सुनेला पोरगी झाली. देवाचे पुरं ठेवून आनलाय." उलव्याकडची होती, बोलता बोलता तिनेच सांगितलं. मी म्हटलं, आनंद आहे, पण मला गोड चालत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "शुगर हाय का? कवापासून?"

मी म्हटलं, "आजार नाही हो. बारा वर्षं झाली, देवाला सोडलंय. आमच्या यांनी पण."

"मंग तसा सांग ना आदी," म्हातारी हसायला लागली. "नुसता गोड खात नाय बोललीस तं कुनाला पन शुगरच वाटल."

मी बसल्या जागी ताठ झाले. सगळं डोळ्यांपुढे आलं. आल्या दिवशी हे स्ट्रेचरवर कण्हत होते, एक तरुण डॉक्टर मुलगी घाईघाईने माहिती लिहून घेत होती. खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का, असं तिने विचारलं होतं. आणि मी काय सांगितलं होतं? गोड बारा वर्षांपासून बंद आहे, अगदी कडक, सणालासुद्धा नाही. का बंद आहे ते सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं मनातही आलं नाही, कारण आमच्या मार्केटमध्ये, आमच्या नात्यात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिने पुढचं काही विचारण्याआधी यांना आत नेलं होतं. त्या पोरीने जे ऐकलं त्याचा तिला समजला तो अर्थ लिहिला. दुसऱ्या कुणाचा आजार आमच्या नावावर चढलाच नव्हता. आमचा नवसच केसपेपरवर आजार होऊन बसला होता.

म्हातारीने माझ्या हातात पेढा कोंबला. नको खाऊस पण परसाद हाय, परत करू नको, म्हणाली आणि पुढे गेली. मी तो रुमालात बांधला आणि जिना चढले. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता.

ती डॉक्टर मुलगी वॉर्डातच सापडली. आवाज चढवायचा नाही असं स्वतःला बजावून मी तिला पहिल्यापासून सांगितलं, ऋतुजाचा ताप, खंडोबा, गुळाचा गाळा, सगळं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "काकू, मी लिहिलं ते. माझ्या आजोबांना शुगर होती, ते असंच सांगायचे. मला वाटलं..." आणि तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, रडायचं नंतर, आधी लिहायचं. तिने मोठ्या डॉक्टरांना गाठलं. आधी लिहिलेलं खोडून काढायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. त्या ओळीवर एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख घालतात. मोठ्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं की रुग्णाला मधुमेह नाही, कुठलंही औषध चालू नाही, धार्मिक कारणाने ते गोड खात नाहीत आणि माहिती घेताना गैरसमज झाला. त्याला ऑपरेशनपूर्वी केलेली तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी जोडली, ती अगदी ठाकठीक होती. आणि माझ्या फाइलमधला तो जुना अहवाल, कंपनीने स्वतःच करून घेतलेला. आदल्या उत्तरात मी नुसतं खोटं आहे, खोटं आहे म्हटलं होतं, पुरावा एक जोडला नव्हता. तावात असलं की असं होतं. डेस्कवरच्या मुलाने सगळं पाठवलं, फेरविचाराची विनंती लिहिली आणि म्हणाला, आता आपल्या हातात काही नाही.

हे वाक्य मला एरवी सहन होत नाही. माझ्या हातात काही नाही असं मी आजवर कबूल केलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी परत गणपतीसमोर बसले आणि मागायला तोंड उघडलं तर मागणं येईना. यांना वाचव म्हणावं तर ते त्याला ठाऊक होतं. बदल्यात काय सोडू असं विचारावं, तर वाटलं, आपण सोडतो तेही आपल्याच मिजाशीत. त्या डॉक्टर मुलीला 'अगदी कडक' म्हणताना माझा आवाज केवढा ठसक्यात होता. नवरा कळांनी वाकलेला आणि मी आमच्या नवसाची टिमकी वाजवत होते. मग मी नुसतीच बसले. तुझं तू बघ, असं म्हटलं, आणि खरं सांगते, त्या दिवसात पहिल्यांदा मला भूक लागली. कॅन्टीनमध्ये जाऊन मी उपमा खाल्ला.

मंजुरी त्याच संध्याकाळी आली. आधी अर्ध्याच रकमेची, बाकीची डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल बघून. मी वर जाऊन यांना सांगितलं तेव्हा हे भिंतीकडेच तोंड करून होते. तसेच म्हणाले, "मग सकाळी दाढी करायला सांग कुणाला तरी." म्हणजे तयार झाले. मला तेव्हा रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. अशा अनुभवांच्या गोष्टींत मदत करणारा माणूस नंतर शोधूनही सापडत नाही, असं मी पुष्कळदा ऐकलंय. माझी म्हातारी सापडली. बाळंतिणींच्या मजल्यावर नातीच्या पाळण्याशेजारी खुर्चीत मान टाकून ती चांगली मोठ्याने घोरत होती. मी तिला उठवलं नाही. पाळण्यात डोकावले, बाळाच्या हातावर बोट ठेवलं आणि म्हातारीला दुरूनच नमस्कार केला. देवाने तिला पाठवलं की ती आपली आपणच आली, याचा खल मी करत बसत नाही. ती आली, एवढं मला पुरतं.

रुमालातला पेढा मी त्या डॉक्टर मुलीला दिला. तो कुणी दिला, कसा आला, सगळं सांगून दिला. ती घेईना, म्हणाली, चूक माझी आणि पेढाही मलाच? मी म्हटलं, आम्हा दोघांना हा चालत नाही, आणि परसाद टाकता येत नाही. तिने उभ्या उभ्या खाल्ला आणि डोळे पुसले.

डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीला बराच वेळ लागला. हातमोजे, कापूस, असल्यांचे थोडेफार पैसे आमच्याकडून घेतले, बाकी सगळं कंपनीने भरलं. निघताना मोठ्या डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, तेल कमी, मीठ कमी, आणि गोड जपून. यांचा चेहरा खुलला. "डॉक्टरसाहेब, गोड तर आमचं बारा वर्षं..." एवढं यांनी म्हणायचा अवकाश, मी आणि ती मुलगी एकदमच म्हणालो, "थांबा!" मग मी शेजारी उभी राहून यांना पूर्ण वाक्य बोलायला लावलं, खंडोबापासून. ती मुलगी ऐकत होती, पेन खिशातच होतं.

यांची तब्येत सुधारल्यावर आम्ही तिघं पालीला गेलो. भंडारा उधळला, तळी भरली. दरवेळी मी तिथे काहीतरी मागते किंवा काहीतरी कबूल करते, म्हणून परतताना ऋतुजाने विचारलं, "आई, या वेळी काय सोडलंस?" मी म्हटलं, काही नाही गं. या वेळी त्याच्यापुढे बसून झालेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं, मध्ये काही न गाळता. त्याला सगळं ठाऊक असतं, तरी सांगितलं. हे पुढे चालत होते, छातीला हात लावून, हळूहळू, पायरी बघून. आपल्या पायांनी चालत होते.