धुळाजीचं दुसरं म्हणणं

धुळाजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण गावातला पेपर त्याच्याशिवाय वाचून पुरा होत नसे.

चौसाळ्याच्या हायवेवरून तीन किलोमीटर आत आलं की गावाच्या तोंडालाच सहकारी दूध संस्थेची पत्र्याची खोली आणि तिच्यापुढे लांबलचक ओटा. सकाळी दूध घालायला आलेली माणसं रिकाम्या किटल्या घेऊन ओट्यावर टेकत आणि संस्थेचे चेअरमन मोहनराव एसटीनं आलेला पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. मोहनरावांची चाळीस एकर जमीन, वीस वर्षांची चेअरमनकी आणि आवाज असा खणखणीत, की त्यांनी नुसता कांद्याचा भाव वाचला तरी भाषण चालू आहे असं वाटावं. एक बातमी संपली की ते चष्मा कपाळावर चढवत आणि ओट्याच्या कडेला घोंगडी टाकून बसलेल्या धुळाजीकडे बघत.

"हं, धुळाजी. दुसरं म्हणणं सांग."

धुळाजीचा खरं तर दुधाशी काडीचा संबंध नव्हता. तो मेंढ्या राखणारा. मेंढरं माळावर सोडायच्या आधी अर्धा तास तो केवळ बातम्यांसाठी यायचा, आणि प्रत्येक बातमीला, मग ती जवळची असो की सातासमुद्रापलीकडची, दुसरी बाजू शोधून काढायचा.

चंद्रावर पाणी सापडल्याची बातमी आली त्या दिवशी सगळा ओटा खूश. मोहनरावांनी तर ती दोनदा वाचली. धुळाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "सापडलं म्हंजे काय लपून बसलं व्हतं का? तिथं अजून कुणी बोर पाडला न्हाई म्हणून ऱ्हायलंय. माणसाला पत्ता लागलाय ना, आता बगा." एवढं बोलून त्यानं तंबाखू मळली आणि चंद्राचा विषय त्याच्यापुरता संपला.

इराकमध्ये लढाई झाली तेव्हा ओट्यावर दोन तट पडले. एक अमेरिकेकडून, एक इराककडून. सगळे तेलाबद्दल बोलत होते. धुळाजीनं विचारलं, "तिथं मेंढरं हायत का?" संस्थेचा सचिव बद्रीनाथ जरा वाचलेला. तो म्हणाला, आहेत, लाखांनी आहेत. "मंग तेल ह्येचं का तेचं ते ठरवा सावकाश. रणगाडे ज्या कुरणातून गेले ते कुरण कुणाचं, ते कुणी लिवलंय का?" कुणी लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून इराकात धुळाजीचे सोयरे असल्यासारखं झालं. मोहनरावांनी तिकडची बातमी वाचली की तो आधी मेंढरांची चौकशी करी, आणि बातमीत मेंढरं नसली की "अर्धीच हाय ही" म्हणून मोडीत काढी.

लोक हसत. पण घरी जाऊन तेच बायकोला सांगत, आपलं म्हणून.

हे खूळ त्याला जन्मतः नव्हतं. विशीत असताना माजलगावकडच्या एका गावात शेताला खत म्हणून मेंढरं बसवायला गेला होता. एका बागायतदारानं ओरड केली, मेंढरांनी माझा हरभरा खाल्ला. चार माणसं जमली. बागायतदाराचं ऐकून घेतलं आणि धुळाजीला त्याच्या पाया पडायला लावलं. तुझं काय म्हणणं, असं एकानंही विचारलं नाही. हरभरा त्याच बागायतदाराच्या सुटलेल्या बैलानं खाल्ला होता आणि ते धुळाजीनं डोळ्यांनी बघितलं होतं. ती पाया पडायची शरम त्याच्या मनातून कधी गेली नाही. पुढं जगात कुठंही कुणाबद्दल काही कानावर आलं, की त्याला आधी न विचारलेला माणूस आठवायचा.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात मात्र जग लांबचं राहिलं नाही. पालीच्या धरणात तळ दिसायला लागला, माळ मुंडण केल्यासारखा झाला आणि दूध इतकं आटलं की ओट्यावर किटल्या कमी आणि माणसं जास्त. मोहनरावांनी धावपळ करून संस्थेमार्फत चारा छावणी मंजूर करून आणली. माजलगावकडून उसाचे ट्रक येऊ लागले. अकराशे गाई, बैल, म्हशी दावणीला लागल्या. माणसं तिथंच पाल ठोकून राहायला गेली. मोहनरावांनी त्यासाठी खरोखर जिवाचं रान केलं होतं, हे धुळाजीही मान्य करायचा.

पेपरात मोठ्या अक्षरात आलं, एकही जनावर चाऱ्यावाचून राहणार नाही. मोहनरावांनी ते वाचलं आणि सवयीनं चष्मा वर केला.

"मेंढरू जनावरात धरलंय का, मालक?" धुळाजीनं विचारलं.

धरलेलं नव्हतं. छावणी मोठ्या जनावरांची, शेळ्यामेंढ्या आत घ्यायच्या नाहीत, असा नियम होता. या वेळी ओट्यावर कुणी हसलं नाही. धुळाजीच्या अठ्ठावन्न मेंढ्या होत्या. त्यातल्या वीसेक गाभण, आणि बाकीच्या उभ्या राहिल्या तरी मागचे पाय थरथरत.

दोन दिवसांनी मोहनरावांनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, नियम माझ्या हातात न्हाई. पण जनावरं खाऊन उरलेली उसाच्या वाढ्याची पानं गव्हाणीत पडून असत्यात. तुझ्या मेंढ्या दुपारच्याला मागच्या फाटकानं आत घाल. खाऊ दे. फक्त एक कर. सोमवारी पाहणीला साहेब लोक येणार, बीडचा वार्ताहर येणार. तेंच्यासमोर तुझं ते दुसरं म्हणणं नको. मेंढ्यांचा विषय निघाला तर छावणीचीच चौकशी लागंल."

धुळाजीनं घरी येऊन बायकोला, सत्यभामेला सांगितलं. ती मेंढीच्या तोंडाशी बाभळीच्या शेंगा धरून बसली होती. तिनं मागं न बघता विचारलं, "इचार कसला करताय?"

"तोंड बंद ठिवायला सांगतेत."

"मंग ठिवा की. तीस वरसं जगाचं म्हणणं सांगितलं. अमेरिकेला काय फरक पडला? एक दिस ह्येंच्या पोटाचं ऐका."

रविवारी मेंढ्या मागच्या फाटकानं आत गेल्या आणि कितीतरी दिवसांनी धुळाजीला त्यांच्या चघळण्याचा आवाज ऐकू आला. तो ऐकत तो बराच वेळ गव्हाणीशी बसून राहिला. दावणीला चंद्रभागाबाईच्या दोन म्हशी होत्या. साठीची, तोंडाची फटकळ बाई. ती स्वतः गव्हाणीतली पानं खाली ओढून मेंढ्यांपुढे टाकत होती.

सोमवारी मेंढ्या लांब, काट्यांच्या कुंपणाच्या वाडग्यात कोंडून ठेवल्या. साहेब लोक आले, वहीत बघितलं, सावलीत चहा प्याले. वार्ताहर तरुण होता, सोबतीला मोठा कॅमेरा घेतलेला एक जण. त्याला मुंडाशातला, घोंगडीवाला, पांढऱ्या मिशांचा धुळाजी दिसला आणि तो तडक त्याच्याकडेच आला.

"बाबा, कसं वाटतंय छावणीत?"

अख्खी छावणी बघायला लागली. बद्रीनाथ तर हसू दाबत उभा, की आता काय निघतं तोंडातून. धुळाजीनं मोहनरावांकडे बघितलं, मग मेंढ्या होत्या त्या दिशेला बघितलं. तोंड त्यानं गच्च मिटून घेतलं. पण दारात आलेला पाहुणा, त्याला नुसतं कसं उभं ठेवायचं? त्यानं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि वार्ताहराच्या कपाळाला लावला. पाहुण्याला मेंढके भंडारा लावतातच. वार्ताहरानं दचकून एक पाऊल मागं घेतलं, हवेत थोडी हळद उडाली आणि त्याच्या सोबत्यानं नेमका तेवढाच फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मोहनराव इतके आनंदात होते की त्यांनी चहा सांगूनच घडी उलगडली. पहिल्याच पानावर धुळाजी. खाली मथळा, 'मेंढपाळांनी भंडारा उधळून केले छावणीचे स्वागत'. मोहनराव खणखणीत आवाजात वाचत गेले. "'आमची चिंता मिटली, आता काही मागणे नाही,' अशी भावना ज्येष्ठ मेंढपाळ धुळाजी यांनी व्यक्त केली."

ओट्यावर हशा पिकला. कुणी धुळाजीच्या पाठीवर थाप मारली. कुणी म्हणालं, अमेरिकेपर्यंत गेला की आपला धुळाजी. मोहनरावांनी चष्मा कपाळावर चढवला, पण या खेपेला त्यांनी विचारलं मात्र काही नाही. पानच उलटायला घेतलं.

चौसाळा, केज, गेवराई, सगळीकडचे मेंढके धुळाजीच्या ओळखीचे. त्यातला प्रत्येक जण आज कुठल्या तरी टपरीवर हेच ऐकत असणार. मेंढरं उपाशी आणि त्यांच्या वतीनं धुळाजी सांगतोय, काही मागणं नाही. विशीत त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचं कुणीतरी वाक्य करून टाकलं.

"मालक," तो म्हणाला, "पान उलटू नका. माझं दुसरं म्हणणं हाय."

मोहनरावांचा हात थांबला. "धुळाजी, इचार करून बोल."

"केलाय. ही बातमी खोटी हाय. म्या असं बोललो न्हाई. म्या काईच बोललो न्हाई, आन तिथंच माझं चुकलं. छावणी चांगली हाय, तुमी लई कष्ट घेतलेत. पर मेंढ्यांला आत जागा न्हाई आन मेंढक्यांची चिंता मिटलेली न्हाई. बद्रीनाथ, एवढं एका कागदावर लिव आन त्या पोराला धाड. अंगठा म्या देतो."

आलेला चहा बाजूला सारून बद्रीनाथनं कागद ओढला. मोहनरावांचा चेहरा रागापेक्षा काळजीनं उतरला होता. "तू काय केलंस ते कळतंय का तुला? उद्या तो वार्ताहर परत येणार. आत एक मेंढरू दिसलं तर अकराशे जनावरांची छावणी बंद. आजपासून तुझ्या मेंढ्या फाटकाच्या आत न्हाईत."

"न्हाईत," धुळाजी म्हणाला. मोहनरावांचंही बरोबरच होतं, हीच त्याची पंचाईत होती.

सत्यभामेला ते सांगायला तो घरी गेला, तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. तिनं भाकरीचं गाठोडं बांधलं, कारण आता माजलगावच्या कालव्याकडे चालत जाण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. तिथवर सगळ्या मेंढ्या पोचणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

सकाळी कळप घेऊन ते छावणीवरून निघाले. मेंढ्यांना वाढ्याचा वास लागला. त्या फाटकाशी येऊन थांबल्या आणि हलेनात. धुळाजीनं काठी उगारली, पण मारवेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

तेवढ्यात आतून चंद्रभागाबाई आली. डोक्यावर वाढ्याच्या पानांची भरलेली पाटी. फाटकात मोहनराव आणि बद्रीनाथ उभे होते. ती तिथंच थांबली.

"चेअरमन, मेंढरू आत घ्यायचं न्हाई, असं लिवलंय नव्हं?"

"हो, आक्का."

"माझ्या म्हशीचं उष्टं भायेर न्यायचं न्हाई, असं कुठं लिवलंय का?"

मोहनरावांनी बद्रीनाथकडे बघितलं. बद्रीनाथनं काखेतला नियमांचा कागद काढून वरपासून खालपर्यंत वाचला आणि नाही म्हणून मान हलवली. मग मोहनरावांनी स्वतःच्या हातानं अर्धं फाटक उघडलं आणि म्हणाले, "न्हाई लिवलेलं."

चंद्रभागाबाईनं रस्त्यावर येऊन पाटी सत्यभामेच्या हातात दिली. मेंढ्या तुटून पडल्या. मागं बघितलं तर दावणीदावणीवरून बाया वाकून गव्हाणी झाडत होत्या, आणि दोघी-तिघी पाट्या उचलून फाटकाकडे निघाल्यासुद्धा होत्या. धुळाजी काहीतरी सांगायला पुढं झाला. "आक्का, म्या काय म्हणतो..."

"काय बी म्हणू नगस," चंद्रभागाबाई म्हणाली. "काल लई बोललास. पाटी रिकामी कर बिगीनं, मला दुसरी आणायचीय."